कार्यालयातील व्हॉइसमेल बिघडल्यास निरोप कोठे अडला हे शोधण्याची रीत



अनेक संस्था, शाळा, वाचनालये आणि भक्तनिवास यांच्या कार्यालयांत ईपीएबीएक्स बसविलेला असतो. बाहेरून येणाऱ्या दोन-चार लाइनी आणि आतील दहा-वीस एक्स्टेन्शन यांची सांगड घालणारा हा दूरध्वनी-संच होय. त्याच्या पोटात एक कार्ड किंवा शेजारी भिंतीवर एक लहान पेटी असते. कार्यालय बंद असताना अथवा कोणी फोन उचलत नसताना हाच भाग फोन करणाऱ्याचे स्वागत करतो, त्याचा निरोप ध्वनिमुद्रित करतो आणि मागाहून ऐकवितो. यालाच आपण व्हॉइसमेल म्हणतो. हा भाग बिघडला असता काय करावे, टेक्निशियन येईपर्यंत काय पाहून ठेवावे, आणि कोणत्या गोष्टीस मुळीच हात लावू नये, हे प्रस्तुत लेखात क्रमाने मांडण्याचे आम्ही योजिले आहे. कोणत्याही एका कंपनीच्या यंत्राची ही माहिती नाही. लहानमोठ्या बहुतेक सर्व संचांना लागू पडेल अशी ही शोधाची रीत आहे.

हा बिघाड गंभीर का मानावा

फोन बंद पडला तर तो बंद आहे हे दोन्ही बाजूंना कळते. फोन करणारा दुसरा क्रमांक शोधतो, पत्र पाठवितो किंवा उद्या पुन्हा प्रयत्न करतो. व्हॉइसमेलचे तसे नाही. तो बिघडलेला असतानाही पुष्कळदा स्वागत वाजवितो, टोन देतो आणि बोलणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याचा भास निर्माण करतो.

समजा, हैदराबादहून एका कुटुंबाने शनिवारी रात्री फोन केला. सोबत वृद्ध आई आहे, तिला जिना चढवत नाही, तेव्हा तळमजल्यावरची खोली राखून ठेवावी, असा निरोप त्यांनी ठेवला आणि ते निश्चिंत मनाने गाडीत बसले. तो निरोप यंत्रात कधी उतरलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती मंडळी दाराशी येतात तेव्हा तळमजल्यावर जागा नसते. कार्यालयास काहीच ठाऊक नसते, आणि पाहुण्यांना मात्र आपला निरोप दुर्लक्षिला गेला असे वाटते. येथे चूक कोणाचीच नाही, परंतु विश्वास दोन्हीकडे उणावतो.

म्हणून अशा वेळी पहिला प्रश्न ‘यंत्रात दोष कोठे आहे’ हा नसून ‘निरोप कोठपर्यंत पोहोचला’ हा असावा. या प्रश्नाचे उत्तर मिळाले की दोषाची जागा बहुधा आपोआप सापडते.

निरोपाचा प्रवास

एक निरोप बाहेरून येऊन संबंधित कर्मचाऱ्याच्या कानी पडेपर्यंत सात टप्पे ओलांडतो.

१. बाहेरची लाइन संचापर्यंत येते व एक्स्टेन्शनची घंटा वाजते.
२. ठरलेल्या वेळेत कोणी फोन उचलला नाही, की संच तो कॉल व्हॉइसमेलकडे वळवितो.
३. व्हॉइसमेलचे एखादे पोर्ट मोकळे असल्यास ते कॉल घेते.
४. कॉल कोणत्या एक्स्टेन्शनवरून वळला हे संच व्हॉइसमेलला कळवितो आणि त्यानुसार योग्य मेलबॉक्स उघडतो.
५. स्वागत वाजते, टोन होतो आणि बोलणे ध्वनिमुद्रित होते.
६. समोरच्याने फोन ठेवला हे ओळखून ध्वनिमुद्रण थांबते व लाइन मोकळी होते.
७. नवा निरोप आल्याची खूण एक्स्टेन्शनवर दिसते व कर्मचारी तो ऐकतो.

या सात टप्प्यांपैकी पहिला, दुसरा आणि चौथा हे मुख्यतः ईपीएबीएक्सचे काम आहे. तिसरा व पाचवा व्हॉइसमेलचा. सहावा आणि सातवा दोघांनी मिळून करावयाचा. ‘व्हॉइसमेल बिघडला’ अशी तक्रार आली तरी प्रत्यक्ष व्हॉइसमेल निर्दोष असून बिघाड दुसरीकडेच असल्याचे पुष्कळदा आढळते, त्याचे कारण हेच.

शोधास आरंभ करण्यापूर्वी

पहिली गोष्ट, पुढचे नुकसान थांबवावे. दोष सापडेपर्यंत व्हॉइसमेलकडे जाणारे कॉल तात्पुरते पहारेकऱ्याच्या एक्स्टेन्शनकडे किंवा कोणी हमखास उचलील अशा फोनकडे वळवावेत. तेही शक्य नसेल तर घंटा वाजत राहू द्यावी. न उचललेला फोन हा न पोहोचलेल्या निरोपापेक्षा केव्हाही बरा, कारण फोन करणाऱ्याला वस्तुस्थिती कळते.

दुसरी गोष्ट, आत असलेले निरोप वाचवावेत. प्रत्येक मेलबॉक्स उघडून निरोप ऐकावा आणि तारीख, वेळ, नाव, क्रमांक व मजकूर वहीत उतरवून घ्यावा. महत्त्वाचा निरोप स्पीकरवर लावून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. हे निरोप लोकांनी विश्वासाने ठेवलेले असतात. तेव्हा ऐकणारी व्यक्ती जबाबदार असावी आणि खासगी मजकूर कार्यालयाबाहेर जाऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

तिसरी गोष्ट, यंत्र ‘मूळ स्थितीत’ आणण्याची घाई करू नये. बंद करून पुन्हा चालू करणे वेगळे आणि यंत्र कारखान्यातून आले तशा स्थितीत नेणे वेगळे. पहिल्या कृतीने अडकलेले पोर्ट मोकळे होऊ शकते व निरोप सहसा जागच्या जागी राहतात. दुसऱ्या कृतीने मात्र मेलबॉक्स, स्वागते, पासवर्ड आणि अनेक यंत्रांत सर्व निरोपही पुसले जातात. बंद करावयाचे झाल्यास यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या रीतीनेच करावे. ध्वनिमुद्रण चालू असताना वीज खंडित केल्यास स्मृतीतील नोंदी बिघडण्याचा धोका असतो. कार्ड काढण्या-घालण्याचे काम टेक्निशियनकडेच सोपवावे.

चौथी गोष्ट, एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. चार सेटिंग एकदम बदलली व यंत्र चालू झाले, तर दोष कशात होता हे कळत नाही. आणि चालू झाले नाही, तर परतीची वाट राहत नाही.

एकाच चाचणीने अर्धे क्षेत्र बाद होते

आतील कोणत्याही एक्स्टेन्शनवरून व्हॉइसमेलचा क्रमांक थेट फिरवावा. एखाद्या मेलबॉक्समध्ये अर्ध्या मिनिटाचा निरोप ठेवावा, फोन ठेवावा आणि मग तोच निरोप ऐकावा. या चाचणीत बाहेरच्या लाइनीचा काहीही संबंध येत नाही.

आतून ठेवलेला निरोप स्वच्छ व पूर्ण ऐकू आला, तर व्हॉइसमेलचे कार्ड, त्याची स्मृती आणि पोर्ट बहुधा ठीक आहेत. दोष बाहेरच्या लाइनीत, कॉल वळविण्याच्या सेटिंगमध्ये किंवा लाइन तुटल्याची खूण ओळखण्यात आहे. उलट आतूनही निरोप नीट उतरत नसेल, तर बाहेरच्या लाइनी तपासण्यात वेळ दवडू नये. दोष व्हॉइसमेलमध्येच किंवा त्याला संचाशी जोडणाऱ्या पोर्टमध्ये आहे. पाच मिनिटांची ही चाचणी टेक्निशियनचा अर्धा दिवस वाचविते.

लक्षणे आणि त्यांची कारणे

घंटा वाजत राहते, व्हॉइसमेल कॉल घेतच नाही. येथे दुसरा व तिसरा टप्पा तपासावा. संबंधित एक्स्टेन्शनवरचे कॉल वळविण्याचे सेटिंग कोणी अनवधानाने रद्द केले आहे काय, हे प्रथम पाहावे. नंतर वेळ मोजावी. भारतातील घंटेचे एक आवर्तन तीन सेकंदांचे असते: ०.४ सेकंद स्वर, ०.२ सेकंद विराम, पुन्हा ०.४ सेकंद स्वर आणि मग २ सेकंद विराम. म्हणजे १५ सेकंदांनी कॉल वळतो याचा अर्थ फोन करणाऱ्याला सुमारे पाच घंटा ऐकाव्या लागतात. हे मान ३० सेकंदांवर ठेवले असेल तर दहा घंटा होतात, आणि तोवर बहुतेक लोक फोन ठेवून देतात. यंत्र निर्दोष, परंतु निरोप एकही नाही, अशी स्थिती यातून उद्भवते. सेटिंग ठीक असेल तर पोर्ट पाहावेत. लहान व्हॉइसमेलला दोनच पोर्ट असतात, म्हणजे एका वेळी दोनच माणसे निरोप ठेवू शकतात. त्यांपैकी एक अडकून राहिले, तर क्षमता निम्मी होते आणि बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही. असा ये-जा करणारा दोष आढळल्यास प्रत्येक पोर्टचा क्रमांक स्वतंत्रपणे फिरवून पाहावा.

व्हॉइसमेल कॉल घेतो, पण मेलबॉक्सचा क्रमांक विचारतो. ग्रंथपालांच्या फोनवर आलेला कॉल ग्रंथपालांच्या स्वागताऐवजी सर्वसाधारण स्वागतापाशी जाऊन थांबला, तर चौथा टप्पा तुटला आहे असे समजावे. अनेक संचांत ही माहिती बटणांच्या स्वरांनी पाठविली जाते. फोनचे प्रत्येक बटण दाबले असता दोन स्वर एकदम निघतात. उदाहरणार्थ, ५ या अंकासाठी ७७० व १३३६ हर्ट्‌झ. संच हे स्वर व्हॉइसमेलला ऐकवून ‘हा कॉल अमुक एक्स्टेन्शनचा’ असे सांगतो. एक्स्टेन्शनचे क्रमांक बदलले, परंतु मेलबॉक्सचे जुनेच राहिले, तर ही सांगड मोडते. नवीन खोल्या बांधल्यावर किंवा विभागांची जागा बदलल्यावर हा दोष हटकून उद्भवतो. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवून पडताळणे एवढाच त्यास उपाय आहे.

बाहेरून दाबलेली बटणे व्हॉइसमेलला कळत नाहीत. बाहेरगावाहून आपला मेलबॉक्स ऐकू पाहणाऱ्यास हा अनुभव येतो. आतून बटणे चालतात व बाहेरून चालत नाहीत, असे असल्यास वाटेत आवाज दाबून पाठविण्याची पद्धत स्वरांची मोडतोड करीत असण्याचा संभव आहे. इंटरनेटवरून जाणाऱ्या लाइनींत बटणांचे स्वर आवाजात न मिसळता स्वतंत्र संकेत म्हणून पाठविण्याची सोय असते. ती चालू आहे काय, हे लाइन देणाऱ्या कंपनीस विचारावे.

आवाज तुटक येतो किंवा गुणगुण ऐकू येते. आतून व बाहेरून असे दोन निरोप ठेवून तुलना करावी. गुणगुण केवळ बाहेरच्या निरोपात असेल तर लाइन तपासावी, दोन्हींत असेल तर अर्थिंग व वीजपुरवठा पाहावा. जुन्या निरोपांचा आवाज स्वच्छ आणि नव्यांचाच तुटक असेल, तर स्मृतीचे कार्ड झिजल्याची शंका घ्यावी.

दिवा लागत नाही किंवा विझत नाही. निरोप मेलबॉक्समध्ये आहे, पण कोणास त्याची वार्ता नाही, हा सातव्या टप्प्यावरील दोष. व्हॉइसमेल संचाला ‘दिवा लाव’ आणि ‘दिवा विझव’ असे दोन संकेत पाठवितो. त्यांपैकी एक चुकीचा नोंदला असेल तर दिवा कायम पेटलेला अथवा कायम विझलेला राहतो. साध्या फोनला दिवाच नसतो. तेथे रिसीव्हर उचलल्यावर तुटक डायल टोन येतो. तो टोन म्हणजे लाइनीचा बिघाड नसून निरोपाची खूण आहे, हे नव्या कर्मचाऱ्यास सांगून ठेवावे.

तारीख व वेळ चुकते. सोमवारी सकाळी आलेला निरोप ‘शुक्रवार, रात्री दोन’ असा ऐकू आला, किंवा दिवसाढवळ्या ‘कार्यालय बंद आहे’ असे स्वागत वाजू लागले, तर संचाचे घड्याळ चुकले आहे. वीज गेल्यावर घड्याळ चालू ठेवणारा बटणासारखा लहान सेल संपला की असे होते. घड्याळ लावून काम भागत नाही. पुढच्या वेळी वीज गेली की ते पुन्हा चुकते. सेल बदलून घ्यावा, परंतु त्याआधी सर्व सेटिंगची नोंद घ्यावी, कारण काही यंत्रांत सेटिंगही त्याच सेलवर टिकून असतात.

मोबाइलवर सूचना जात नाही. नवा निरोप आला की ठरविलेल्या मोबाइलवर आपणहून फोन करण्याची सोय काही व्हॉइसमेलमध्ये असते. भारतात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी नोंदविलेले दहा अंकी क्रमांक यंत्रात तसेच राहिले असतील, तर व्हॉइसमेल दर वेळी फोन लावतो आणि दर वेळी तो लागत नाही. बाहेरच्या लाइनीसाठी लागणारा अंक, मग शून्य आणि मग मोबाइल क्रमांक, असा क्रम नोंदवावा.

मेलबॉक्स पुन्हा पुन्हा भरतो

हे लक्षण सर्वांत अधिक आढळणारे व सर्वांत अधिक चकविणारे असल्यामुळे त्याचा स्वतंत्र विचार करू.

तांब्याच्या साध्या जोडीवरून आलेल्या लाइनीत एक मूलभूत उणीव आहे. फोन करणाऱ्याने रिसीव्हर ठेवला, तर तसे आपल्या यंत्राला स्पष्टपणे सांगणारा संकेत तारेवर नेहमी येतोच असे नाही. काही ठिकाणी एक्स्चेंज क्षणभर विद्युत्प्रवाह तोडते अथवा तारांची धन-ऋण बाजू पालटते. तशी सोय नसेल तेथे केवळ एंगेज टोन ऐकू येतो. माणूस तो ऐकून फोन ठेवतो. यंत्राला मात्र तो टोन ओळखावयास शिकवावे लागते.

येथेच घोटाळा होतो. व्हॉइसमेलचे तंत्र मुख्यतः अमेरिकेत वाढले. तेथील गॉर्डन मॅथ्यूज यांना त्याचे पेटंट १९८३ साली मिळाले. अमेरिकेतील एंगेज टोन ४८० व ६२० हर्ट्‌झ अशा दोन स्वरांचा असतो, अर्धा सेकंद चालू व अर्धा सेकंद बंद. भारतातील एंगेज टोन ४०० हर्ट्‌झ या एकाच स्वराचा असून ०.७५ सेकंद चालू व ०.७५ सेकंद बंद असा असतो. लाइन उपलब्ध नसल्याचा टोन याच स्वराचा, परंतु ०.२५ सेकंदांच्या जलद लयीचा. ज्या यंत्रात देशाचे सेटिंग परदेशाचेच राहिले आहे, ते आपला एंगेज टोन हा कोणाचा तरी निरोप आहे असे समजून मुद्रित करीत राहते.

आता हिशेब पाहा. एका मेलबॉक्सची मर्यादा ६० मिनिटे आणि एका निरोपाची कमाल मर्यादा ३ मिनिटे आहे, असे समजू. शनिवारी दुपारी कार्यालय बंद झाल्यापासून रविवारच्या रात्रीपर्यंत वीस जणांनी फोन केला व स्वागत ऐकून काही न बोलता ठेवून दिला. प्रत्येक वेळी यंत्राने तीन मिनिटे टोन मुद्रित केला. वीस गुणिले तीन म्हणजे साठ, मेलबॉक्स भरला. एकविसावा फोन त्या हैदराबादच्या कुटुंबाचा असेल, तर त्यांच्या निरोपाला जागा उरली नाही. काही यंत्रे अशा वेळी ‘मेलबॉक्स भरला आहे’ असे सांगतात. काही मात्र स्वागत वाजवून लाइन तोडतात.

अशा स्थितीत सोमवारी सकाळी सर्व निरोप पुसून टाकणे हा उपाय नव्हे. पुढच्या सोमवारी तीच गत होईल. मोठी स्मृती विकत घेणे हाही उपाय नव्हे. साधारण दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज न दाबता साठविल्यास सेकंदाला ८,००० बाइट, म्हणजे मिनिटाला ४,८०,००० बाइट लागतात. स्मृती दुप्पट केली तर वीसऐवजी चाळीस फोनांनी ती भरेल, एवढाच फरक. खरा उपाय पुढीलप्रमाणे आहे.

अ) भरलेल्या मेलबॉक्समधील निरोप प्रत्यक्ष ऐकावेत. माणसाच्या आवाजाऐवजी लयबद्ध टोन अथवा निव्वळ शांतता ऐकू आल्यास निदान झाले.
आ) टोनची लय घड्याळावर मोजावी. १५ सेकंदांत दहा वेळा टोन आला तर ०.७५ सेकंदांची लय, तीस वेळा आला तर ०.२५ सेकंदांची.
इ) यंत्रात देश म्हणून भारत निवडावा, अथवा मोजलेली लय नोंदवावी. शक्य असल्यास दोन्ही लयी नोंदवाव्यात.
ई) शांततेची मर्यादा लावावी, म्हणजे सलग आठ-दहा सेकंद कोणी बोलले नाही तर ध्वनिमुद्रण थांबेल. मर्यादा याहून कमी ठेवू नये. वृद्ध माणसे क्रमांक आठवून सांगताना मध्ये थांबतात. त्यांचा निरोप अर्धवट तुटता कामा नये.
उ) एका निरोपाची कमाल मर्यादा दीड ते दोन मिनिटांवर आणावी.

हा दोष वर्षानुवर्षे नीट चाललेल्या यंत्रातही अचानक उद्भवू शकतो. बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे १९८६ साली सी-डॉटचे पहिले ग्रामीण स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. तेव्हापासून तांब्याच्या जोडीवर वाढलेली आपल्या भागांतील अनेक कार्यालये आता फायबरवर आली आहेत. फायबरची लाइन कार्यालयातील एका लहान पेटीपर्यंत येते आणि त्या पेटीतून साधी फोनची तार निघून संचास जाते. म्हणजे टोन देण्याचे काम आता दूरच्या एक्स्चेंजऐवजी ही पेटी करते, आणि तिचा टोन पूर्वीसारखाच असेल याची हमी नसते. फोन पूर्ववत लागतात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण मेलबॉक्स भरू लागतो. लाइन बदलल्यावर आठवडाभरात व्हॉइसमेलची तक्रार आली, तर प्रथम हीच शंका घ्यावी. लाइन देणाऱ्या कंपनीला ‘समोरच्याने फोन ठेवल्यावर प्रवाह तोडण्याचा संकेत द्यावा’ अशी नेमकी विनंती करता येते. पुष्कळ पेट्यांत ही सोय असून ती केवळ चालू करावयाची असते.

तीस वाहिन्यांची पीआरआय लाइन किंवा इंटरनेटवरील एसआयपी लाइन यांत हा प्रश्न सहसा येत नाही, कारण फोन ठेवल्याचा संदेश तेथे स्वतंत्रपणे पाठविला जातो.

पाऊस, वीज आणि पासवर्ड

गोव्यात व कोकणपट्टीत मृगाच्या आधीच्या विजांनी ईपीएबीएक्सची कार्डे निकामी होणे नेहमीचे आहे. तांब्याची तार बाहेरून येत असेल तर संचापूर्वी विजेपासून बचाव करणारे उपकरण बसवावे. त्याचा उपयोग अर्थिंग चांगले असेल तरच होतो. संच व व्हॉइसमेल एकाच यूपीएसवर असावेत. दोन्ही वेगळ्या पुरवठ्यावर असले व एकच बंद पडला, तर चालू राहिलेला भाग दुसऱ्याची वाट पाहत राहतो आणि पोर्ट अडकतात.

पासवर्डविषयीही सावध राहावे. सर्व मेलबॉक्सना ०००० किंवा १२३४ हेच पासवर्ड ठेवलेले अनेक ठिकाणी आढळतात. व्हॉइसमेलमधून बाहेर फोन लावण्याची सोय चालू असेल, तर पासवर्ड ओळखणारा परका मनुष्य संस्थेच्या लाइनीवरून परदेशी फोन लावू शकतो व बिल संस्थेच्या माथी येते. ही सोय लागत नसल्यास बंद ठेवावी आणि नोकरी सोडून गेलेल्यांचे मेलबॉक्स काढून टाकावेत.

यंत्र बदलावे केव्हा

वरील सर्व तपास करूनही आतून ठेवलेला निरोप टिकत नसेल, तर कार्ड बदलावे लागते. जुन्या संचांची कार्डे नवी मिळेनाशी झाल्याने वापरलेली कार्डे विकत घेण्याची वेळ येते. तेव्हा कार्डाचे मॉडेल आपल्या संचास व त्याच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्तीस जुळते काय हे लिहून घ्यावे आणि तोंडी आश्वासनावर पैसे देऊ नयेत. संपूर्ण संचच जुना झाला असेल, तर संगणकावर चालणाऱ्या पर्यायांचा विचार करता येईल. १९९९ साली सुरू झालेले ॲस्टेरिस्क हे मुक्त सॉफ्टवेअर त्यांपैकी एक असून त्यात व्हॉइसमेलची सोय अंगभूत आहे, व आलेला निरोप ईमेलने पाठविताही येतो. मात्र ते सांभाळणारा जाणकार जवळपास असेल तरच हा मार्ग पत्करावा. काही वेळा लहान कार्यालयास व्हॉइसमेलच नको असतो. बंद वेळेत कॉल एका मोबाइलकडे वळविणे पुरेसे ठरते.

दरमहा करावयाची तपासणी

महिन्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या तारखेस, पुढील पाच गोष्टी कराव्यात. यास पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

१. मोबाइलवरून कार्यालयात फोन करून निरोप ठेवावा. तो पूर्ण उतरला काय, दिवा लागला काय, हे पाहावे.
२. दुसऱ्यांदा फोन करून काहीही न बोलता ठेवून द्यावा. टोनचा खोटा निरोप तयार होत नाही ना, याची खात्री करावी.
३. यंत्राची तारीख व वेळ पडताळावी.
४. प्रत्येक मेलबॉक्समध्ये किती जागा शिल्लक आहे ते पाहून ऐकलेले निरोप काढून टाकावेत.
५. स्वागताचा मजकूर, एक्स्टेन्शन व मेलबॉक्सची यादी आणि सेटिंग यांची छापील प्रत वहीत चिकटवावी, म्हणजे यंत्र बदलले तरी सर्व पुन्हा उभे करता येईल.

दुरुस्तीस काही दिवस लागणार असतील तर स्वागताचा मजकूर बदलून तसे स्पष्ट सांगावे: ‘या क्रमांकावर सध्या निरोप ठेवता येत नाही, कृपया सकाळी दहानंतर फोन करावा.’ ज्यांचे निरोप हरवले असण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी संचाच्या कॉलनोंदीतून त्या काळातील क्रमांक काढावेत आणि प्रत्येकास फोन करून विचारपूस करावी. त्या कुटुंबाला तळमजल्यावरची खोली मिळण्यास एवढा एक फोन पुरेसा असतो.

कार्यालयीन काम पाहणाऱ्या सर्व संबंधितांनी ही माहिती छापून संचाजवळ लावावी, ही नम्र विनंती.